आबांनी बंद केलेले डान्स बार आज चालू आहेत की बंद? हायवेवरच्या ‘ऑर्केस्ट्रा बार’ची गोष्ट

विकेंडला मुंबई-ठाण्याची मंडळी गाडी काढून अकलोलीला निघतात. तानसा नदीकाठची गरम पाण्याची कुंडं, जवळच चिमाजी अप्पांच्या वसई विजयानंतर उभं राहिलेलं वज्रेश्वरीचं मंदिर, असा साधासरळ प्लॅन. पण ठाणे-भिवंडी ओलांडताना अंधार पडला की रस्त्याकडेला दुसऱ्याच पाट्या चमकायला लागतात. ऑर्केस्ट्रा बार. मग गाडीतलं कुणीतरी विचारतंच, ‘डान्स बार तर आर. आर. आबांनी बंद केले होते ना?’

केले होते. कोर्टाने उघडले. सरकारने पुन्हा बंद केले, कोर्टाने पुन्हा उघडले. तरीही पाटीवर ‘डान्स’ हा शब्द काही येत नाही.

सुरुवात २००५ ची. पनवेल भागातल्या डान्स बारमुळे तरुण पोरं वाया जातायत, घरं उद्ध्वस्त होतायत, ही तक्रार शेकापचे आमदार विवेक पाटील यांनी विधानसभेत मांडली. गृहमंत्री आर. आर. पाटलांनी बंदीची घोषणा केली. मुंबई पोलीस कायद्यात दोन कलमं घुसवली गेली आणि ऑगस्ट २००५ मध्ये बार बंद झाले.

खरी गोम या दोन कलमांत होती. ३३-अ म्हणायचं, परमिट रूम आणि बिअर बारमध्ये कुठल्याही प्रकारचा डान्स चालणार नाही. ३३-ब म्हणायचं, थ्री स्टार आणि त्यावरची हॉटेलं, जिमखाने, क्लब यांना हे लागू नाही. कारण काय, तर पर्यटन. म्हणजे परदेशी पाहुणा स्टार हॉटेलात बसून नाच बघतो ती संस्कृती आणि भिवंडीचा यंत्रमाग कामगार किंवा ट्रक ड्रायव्हर बघतो ती अनीती!

मुंबई हायकोर्टाने एप्रिल २००६ मध्ये ही बंदी रद्द केली. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. तिथे स्थगिती मिळाल्यामुळे बार बंदच राहिले आणि निकाल यायला १६ जुलै २०१३ उजाडलं. सरन्यायाधीश अल्तमस कबीर आणि न्यायमूर्ती निज्जर यांनी हायकोर्टाचंच म्हणणं उचलून धरलं. एकच करमणूक श्रीमंताने केली तर निव्वळ आनंद आणि गरिबाने केली तर नैतिक ऱ्हास, असं गृहीत धरता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ.

पण मधल्या आठ वर्षांत या बायकांचं काय झालं? बंदीमुळे ७५ हजारांवर महिलांचा रोजगार गेल्याचं कोर्टासमोर मांडलं गेलं होतं. त्यातल्या कितीतरी जणी बेडिया, नट, कोल्हाटी अशा पिढ्यान् पिढ्या नाच-गाण्यावर जगणाऱ्या समाजांतल्या. पर्यायी कामाची सोय कुणी केली नाही. पोट भरण्यासाठी अनेकींना वेश्याव्यवसायाकडे वळावं लागलं आणि कायद्याचा परिणाम उलटाच झाला, हे सुप्रीम कोर्टाने निकालातच लिहिलं. ज्यांची प्रतिष्ठा जपायची म्हणून बंदी आणली, त्यांनाच ती सगळ्यात जास्त भोवली.

सरकारने यातून काय धडा घेतला? २०१४ मध्ये स्टार हॉटेलांची सवलतच काढून टाकली. भेदभाव नको ना, मग सगळ्यांनाच बंदी! त्यालाही ऑक्टोबर २०१५ मध्ये स्थगिती मिळाली.

मग २०१६ चा नवा कायदा आला. यात बंदी नव्हती, अटी होत्या. शाळा आणि धार्मिक स्थळापासून एक किलोमीटर अंतर हवं, सीसीटीव्ही हवेत, जिथे डान्स तिथे दारू नाही. मुंबईत एक किलोमीटरच्या आत एकही शाळा किंवा देऊळ नाही अशी जागा शोधून दाखवा! १७ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने या तिन्ही अटी उडवल्या. वेळ मात्र संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा हीच राहिली. नोटा उधळणं बंद, पण हातात टीप द्यायला हरकत नाही. अश्लील डान्स हा गुन्हाच.

थोडक्यात, आज कायद्याने डान्स बारला बंदी नाही, पण त्यासाठी वेगळं लायसन्स लागतं. त्या भानगडीत न पडता बरेच मालक ऑर्केस्ट्राचं लायसन्स घेतात, म्हणजे गायक-वादकांचा लाइव्ह कार्यक्रम. तिथे गाणं चालतं, नाच चालत नाही. म्हणून तर छाप्याच्या बातमीत ‘ऑर्केस्ट्राच्या नावाखाली’ हे शब्द ठरलेले असतात.

या ऑर्केस्ट्रालाही एक गमतीशीर अट होती. स्टेजवर चार पुरुष आणि चारच बायका. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीही रद्द केली. कलाकार आठच राहतील, पण त्यात बायका किती आणि पुरुष किती हे आता बारवाल्याने ठरवायचं.