राजगिऱ्याएवढा पांढरा दाणा

बारशाला जमलेल्या बायका बाळाचं तोंड निरखतात आणि कुणीतरी विचारतंच, “नाकावर हे पांढरं काय गं?” नाकाच्या शेंड्यावर, गालांवर राजगिऱ्याएवढे घट्ट, मोतिया दाणे. मग डाळीचं पीठ, साय, हळद असे उपाय सुरू होतात. त्या कोवळ्या कातडीला यातलं काहीच चोळू नये. जवळजवळ निम्म्या नवजात बाळांना असे दाणे येतात आणि काही आठवड्यांत आपणच जातात. कोमट पाण्यानं तोंड पुसलं, पुरे.

डॉक्टर यांना मिलिया म्हणतात. लॅटिनमध्ये ‘मिलियम’ म्हणजे बारीक भरड धान्य. घामोळ्याचं शास्त्रीय नाव ‘मिलियारिया’ही त्याच शब्दावरून आलं, म्हणून गल्लत होते. घामोळं घामाच्या नलिका तुंबून येतं, खाजतं, चुणचुणतं; मिलिया खाजतही नाहीत आणि दुखतही नाहीत.

दाण्याच्या आत असतं केराटिन, म्हणजे केस आणि नखं ज्याची बनतात तेच प्रथिन. एरवी गळून जायचं ते कातडीखालच्या चिमुकल्या पिशवीत अडकून बसतं. मुरुमाला तोंड असतं, याला नसतं. त्यामुळे कितीही दाबलं तरी आतलं बाहेर येत नाही. कातडी मात्र सोलवटते, आणि गव्हाळ-सावळ्या रंगावर त्याचा काळा डाग महिनोन् महिने राहतो.

मोठ्या माणसांत हे दाणे बहुधा पापण्यांवर आणि डोळ्यांखाली दिसतात. कधी भाजल्याच्या किंवा फोडाच्या जागी उगवतात, तर कधी चेहऱ्याला बराच काळ स्टेरॉइडचं मलम लावल्यानं. दुकानातून परस्पर आणलेलं असं मलम डॉक्टरांना जरूर दाखवावं.

घरी सौम्य साबण, डोळ्यांभोवती दाट तेलकट क्रीम नको, उन्हात सनस्क्रीन, एवढं बास. अ‍ॅडापलीनसारखं लावायचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावं. गरोदरपणात आणि पापण्यांवर तर नकोच. दाणा नजरेला फारच खुपत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ निर्जंतुक सुईनं वरची कातडी किंचित उघडतात, हलकेच दाबतात आणि टणक पांढरा मणी अख्खा बाहेर येतो. काही मिनिटांचं काम. आरशासमोर टाचणी घेऊन, तेही डोळ्याजवळ, हे कुणी करू नये.

पापणीच्या नाकाकडच्या कोपऱ्यात पिवळट, चपटी चकती दिसली तर ती मिलिया नसून झँथेलाझ्मा, म्हणजे कातडीत साचलेली चरबी, असू शकते. तेव्हा डॉक्टरांना दाखवून रक्तातलं कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं.