घेतल्या भावाचा हट्ट

सोयाबीनचे कट्टे घरात रचून "भाव येऊ द्या, मग बघू" म्हणणारी माणसं आमच्या लोह्यात घरोघर सापडतील. ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं. त्याच महिन्यात सरकारनं बारा लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, पाठोपाठ नवा माल मोंढ्यात यायला लागला आणि बघता बघता भाव निम्म्याच्या आसपास आला. पण तो दहा हजारांचा आकडा काही डोक्यातून उतरेना. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता, मोंढ्यात तेवढाही पडत नव्हता. तरी "दहा हजारानं गेलेला माल चार हजारानं कसा घालायचा?" हे ऐकू येतच होतं.

शेअरबाजाराच्या लेखात हे सोयाबीनपुराण कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर मैत्रिणींनो, आता आपल्यासारख्या गावांतही मोबाइलवर डिमॅट खाती उघडली गेली आहेत आणि तिथंही आपण हाच हट्ट धरून बसतो. फरक एवढाच की, शेतकऱ्याच्या मनात चढलेला भाव असतो आणि शेअर घेणाऱ्याच्या मनात आपण घेतला तो भाव. बरं, सोयाबीनचं निदान तेल तरी निघतं. बुडालेल्या कंपनीच्या शेअरचं काय निघणार?

पुण्याच्या सुझलॉन कंपनीचं उदाहरण घ्या. साताऱ्याकडे वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या पाहिल्या असतील, त्या धंद्यातली ही कंपनी. २००५ साली तिनं शेअर विक्रीला काढले तेव्हा लोकांच्या उड्या पडल्या. जानेवारी २००८ मध्ये भाव साडेचारशेच्या वर पोचला. पण परदेशातल्या कंपन्या विकत घेण्यासाठी कर्ज मोठं काढलेलं होतं, त्यातच जगभर मंदी आली. २०१२ मध्ये परदेशी रोख्यांचे पैसे मुदतीत फेडता आले नाहीत. मार्च २०२० मध्ये शेअर दोन रुपयांच्याही खाली होता!

साडेचारशेवरून दोनवर तो एका रात्रीत आला नाही. वाटेत दोनशे लागले, शंभर लागले, वीस लागले. ज्यानं वर घेतला त्याला प्रत्येक मुक्कामावर वाटणार की, आता आणखी काय पडणार! मग 'सरासरी कमी करू' म्हणून तो आणखी घेणार. पुढं कर्जाची फेररचना झाली, कंपनी सावरली आणि २०२४ मध्ये भाव ऐंशीच्या वर गेला. दोन-तीन रुपयांत घेणाऱ्याचं सोनं झालं, हे खरंच आहे. पण त्यानं तो २०२० ची परिस्थिती पाहून घेतला होता. साडेचारशेवाला मात्र सोळा वर्षांनीही आपल्या भावाची वाटच बघत होता.

याचं शास्त्र आहे बरं का. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली दाखवून दिलं की, शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख माणसाला कितीतरी अधिक होतं. काहनेमनना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. शेफ्रिन आणि स्टॅटमन या अभ्यासकांनी १९८५ मध्ये हेच शेअरबाजाराला लावून पाहिलं. लोक नफ्यातला शेअर घाईनं विकतात आणि तोट्यातला जिवापाड जपतात. म्हणजे दुभती म्हैस बाजारात आणि भाकड दावणीला!

आमच्या ओळखीच्या एका घरात मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीचे पैसे असेच अडकले होते. प्रवेशाची तारीख तोंडावर आली तरी "आत्ता विकले तर तोटा होईल हो, वहिनी" हेच त्यांचं म्हणणं. अहो, तोटा झालेलाच आहे. विकल्यानं तो फक्त कागदावर येतो. बाजाराला तुम्ही कितीला घेतलं ते ठाऊक नसतं, आणि कॉलेजला तर त्याच्याशी काहीच घेणं नसतं.

म्हणून एक करून बघा. हातात शेअर नाही, त्याच्या आजच्या किमतीइतके रोख पैसे आहेत असं समजा. आज हाच शेअर नव्यानं घ्याल का? 'नाही' असं उत्तर आलं, तर तो ठेवण्याचं कारण फक्त जुना भाव, दुसरं काही नाही. उत्तर 'हो' आलं तर खुशाल ठेवा. घेतानाच हिशेबाच्या वहीत दोन ओळी लिहून ठेवाव्यात: का घेतला आणि काय झालं तर विकायचा. दूधवाल्याच्या खाड्यांची नोंद आपण चुकवत नाही, मग ही का चुकवावी? आणि यजमानांच्या खात्यात काय आहे हे विचारायला संकोच करू नका.

फ्युचर्स-ऑप्शन्सच्या वाटेला मात्र जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सेबीनं २०२४ मध्ये मागच्या तीन वर्षांचा हिशेब मांडला. शंभरातल्या ९३ जणांना तोटा, एकूण रक्कम १ लाख ८० हजार कोटींच्या वर. सलग दोन वर्षं हरलेल्यांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त लोक तिसऱ्या वर्षी पुन्हा खेळायला हजर! गेलेलं परत मिळवायचं, हाच तो हट्ट. २०२३-२४ मध्ये पुरुषांपैकी सुमारे ९२ टक्के हरले, बायकांपैकी सुमारे ८६. फुशारकी मारण्याइतका काही हा फरक नाही.

तोट्यात विकलेल्या शेअरची एक सोय पुष्कळजणींना माहीत नसते. तो तोटा दुसऱ्या शेअरच्या नफ्यातून वजा करता येतो, आणि त्या वर्षी नफा नसेल तर पुढची आठ वर्षं ओढता येतो. दीर्घ मुदतीचा तोटा मात्र दीर्घ मुदतीच्या नफ्यातूनच वजा होतो. यासाठी प्राप्तिकराचं विवरणपत्र मुदतीत भरलेलं हवं, उत्पन्न करपात्र नसलं तरीसुद्धा.