पाद्रे सोलेरचे वीस तास

१७७० च्या ऑक्टोबरमधला कुठलाही एक दिवस घ्या. तारखेने फरक पडत नाही, कारण मठात कालच्यासारखाच आज असतो. हा दिवसही माहीत असलेल्या गोष्टींवरून जुळवलेला आहे. जागा माद्रिदच्या वायव्येची, ग्वादारामा डोंगराच्या उतारावरचं एल एस्कोरियाल. दुसऱ्या फिलिप राजाने सोळाव्या शतकात उभारलेली ही ग्रॅनाइटची अवाढव्य वास्तू म्हणजे मठ, राजवाडा, ग्रंथालय आणि राजघराण्याची दफनभूमी, सगळं एकाच छपराखाली.

पहाटे चार. अंतोनियो सोलेर उठतो. चाळीस वर्षांचा आहे. जन्म कातालोनियातल्या ओलोतचा. सहा-सात वर्षांचा असताना मोन्सेरातच्या मठशाळेत गेला, तिथे गाणं आणि ऑर्गन शिकला आणि १७५२ मध्ये इथे आला तो कायमचा. झोप चारेक तासांची. दिवसाचे वीस तास राबणारा माणूस, अशी त्याची ख्याती आहे. चरित्रकार ती कौतुकाने सांगतात. मला त्यात थोडी सक्तीही दिसते. संत जेरोमच्या नावाने चालणाऱ्या इथल्या भिक्षुसंघाचं पहिलं काम प्रार्थना गाणं, बाकी सगळं त्यानंतर. संगीत रचायचं तेही दोन घंटांच्या मधल्या फटीत.

सहा. पहाटेची प्रार्थना. गायकांची जागा चर्चच्या दारावरच्या उंच सज्ज्यात. प्रथा अशी की, स्तोत्राची एक ओळ भिक्षूंनी गायची आणि पुढची ऑर्गनने वाजवायची. ती शब्दांशिवाय नुसती वाजते आणि तरीही म्हटल्यासारखीच धरतात. ऑर्गनवादकाची खरी परीक्षा इथे आहे. तुकडा अर्ध्या-एक मिनिटाचा, चाल ठरलेली. ती फुलवायची आणि संपवताना गाणाऱ्यांच्या तोंडी नेमका स्वर ठेवायचा. लांबलं तर सगळे ताटकळतात आणि भाता हलवणारा माणूस घामाघूम होतो. वर्षानुवर्षं रोज असं वाजवणाऱ्याच्या हातात आटोपशीरपणा मुरतो. सोलेरच्या बऱ्याचशा सोनाटा एकाच भागाच्या आहेत. थोडक्यात बोलून थांबतात, आणि मधेच अशा अनपेक्षित स्वरात वळतात की ऐकणारा दचकतो. त्यांचं मूळ मी या सकाळच्या नोकरीत शोधतो.

नऊ. मोठी मिस्सा. पुन्हा ऑर्गन.

साडेदहा. मुलांची तालीम. १७५७ पासून सोलेर मठाचा संगीतप्रमुख आहे, म्हणजे शिकवणं, बसवणं आणि नवीन लिहिणं सगळं त्याच्याच गळ्यात. ऑक्टोबर उजाडला की नाताळ डोक्यावर आलेला असतो. नाताळच्या रात्री लॅटिन प्रार्थनांच्या मधे ‘विल्यान्सिको’ गातात, ती स्पॅनिशमधली. त्यांत मेंढपाळ येतात, गावंढळ बोलणारी सोंगं येतात, थट्टामस्करीही चालते. दरवर्षी नवी हवीत. सोलेरची अशी शंभरावर विल्यान्सिको आपल्यापर्यंत आली आहेत. जग त्याला सोनाटांसाठी ओळखतं, पण मठाच्या लेखी त्याचं काम हे होतं.

दुपार. इथे दिवस जरा सैल होतो, कारण शरद ऋतूत दरबार एस्कोरियालला मुक्कामी असतो. तिसऱ्या कार्लोस राजाला संगीताचं वेड नाही. तो शिकारीला जातो. त्याचा मुलगा गाब्रिएल मात्र अठरा वर्षांचा असून चांगला वाजवतो, आणि सोलेर त्याचा शिक्षक. स्वतः सोलेरलाही गुरू असाच शरद ऋतूत भेटला होता. दोमेनिको स्कार्लाती तेव्हाच्या राणीबरोबर इथे येई, आणि १७५७ मध्ये तो वारला तोवर सोलेरला त्याच्याकडून शिकता आलं.

राजपुत्रासाठी सोलेरने पेटीसारखं एक वाद्य करवून घेतलं होतं. एका पूर्ण स्वरांतराचे नऊ सूक्ष्म भाग कसे पडतात, ते त्यावर कानाने पटवायचं. ही त्याची शिकवण्याची रीत मला फार आवडते: सिद्धांत आधी ऐकवायचा, मग समजवायचा. पुढे याच विद्यार्थ्याच्या करमणुकीसाठी त्याने दोन ऑर्गनसाठी सहा कॉन्चेर्तो लिहिले. दोन्ही ऑर्गनांना सारखाच मान, गुरूने शिष्याला मागे बसवलेलं नाही. आज मैफलींत सोलेरच्या नावावर सर्वांत जास्त वाजतो तो ‘फांदांगो’. तो त्याचाच का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. हे कॉन्चेर्तो मात्र निःसंशय त्याचे, आणि वाजतात त्याहून कमी.

संध्याकाळ. दोन प्रार्थना, साधं जेवण.

रात्री नऊनंतर दिवस त्याचा स्वतःचा. बोलोन्याच्या पाद्रे मार्टिनी या संगीतपंडिताशी त्याचा १७६५ पासून पत्रव्यवहार आहे. एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत लवकर कसं जावं, ते सांगणारं त्याचं ‘यावे दे ला मोदुलासिओन’ हे पुस्तक १७६२ मध्ये निघालं आणि त्यावर स्पेनमध्ये वाद पेटला. जुन्या वळणाच्या संगीतकारांनी टीका छापली, त्यानेही उत्तर छापलं. मार्टिनीसारख्या पंडिताचं मत म्हणूनच त्याला मोलाचं. तो मार्टिनी या ऑक्टोबरमध्ये चौदा वर्षांच्या मोझार्टला काउंटरपॉइंट शिकवतो आहे. एस्कोरियालमध्ये याची कुणाला गंधवार्ता नाही.

अकरा. टेबलावर संगीत नाही, हिशेब आहेत. कातालोनियाच्या नाण्यांची किंमत कास्तीयच्या नाण्यांत किती, यावर कुणा निनावी लेखकाचं पुस्तक आलं आहे आणि त्यातली आकडेमोड सोलेरला चुकीची वाटते. त्याचं खंडन करणारं पुस्तक पुढच्या वर्षी बार्सिलोनात छापलं जाईल. हा माणूस सोनाटांच्या छपाईसाठी धडपडला असं दिसत नाही. १७७२ मध्ये लॉर्ड फिट्झविल्यम या इंग्रज पाहुण्याला त्याने २७ सोनाटा दिल्या. त्या लंडनमध्ये छापल्या गेल्या तेव्हा सोलेरला जाऊन दहाहून अधिक वर्षं झाली होती. नाण्यांच्या हिशेबासाठी मात्र तो मध्यरात्रीपर्यंत जागतो, दोन रकाने पुन्हा तपासतो आणि निनावी लेखकाची आणखी एक चूक काढतो.