रक्षकांची तपासणी कोणीं करावी?

पोलीस ठाण्याची तपासणी ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. वरिष्ठ अधिकारी ठरलेल्या वेळीं येतो, ठाण्याची दैनंदिनी चाळतो, मुद्देमाल मोजतो, कोठडी पाहतो, शेरा लिहितो व निघून जातो. लातूरचे पोलीस अधीक्षक आपल्या ठाण्यांवर देखरेख ठेवतात, आणि त्यांच्यावर नांदेड परिक्षेत्राच्या अधिकाऱ्याची नजर असते. परंतु तपासणारा व तपासला जाणारा हे दोघेहि एकाच खात्याचे. घरचें धान्य घरच्याच मापानें मोजलें, तर तूट सांपडणार कशी? म्हणून खात्याबाहेरचा तपासनीस हवा असा विचार पुढें आला. तो केवळ पुस्तकी नव्हे, हें लातूरकरांना स्वतःच्या इतिहासावरूनच कळेल.

१९४८ सालीं, सप्टेंबरच्या १३ ते १७ या पांच दिवसांत, भारतीय सैन्यानें हैदराबाद संस्थान ताब्यांत घेतलें. त्यापूर्वीं रझाकारांनीं मराठवाड्यांतील गांवांवर केलेला जुलूम सर्वश्रुत आहे. त्यांचा पुढारी कासीम रझवी लातुरांतच वकिली करीत असे. निजामाची सत्ता कोसळतांच सूडाची लाट उसळली, आणि रझाकारांशीं काडीचाहि संबंध नसलेलीं पुष्कळ मुसलमान कुटुंबें तिच्या तडाख्यांत सांपडलीं.

खरें काय घडलें हें पाहण्यासाठीं पंडित नेहरूंच्या सरकारनें पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठविलें. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर हे लोक संस्थानांत हिंडले. १६ पैकीं ९ जिल्हे त्यांनीं पाहिले. जेथें जातां आलें नाहीं अशा १०९ गांवांतील ५०० हून अधिक माणसांचीं म्हणणीं ऐकून घेतलीं. सगळ्या संस्थानांत मिळून २७,००० ते ४०,००० माणसें दगावलीं असावींत, असा त्यांचा अंदाज. सर्वाधिक हानि झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड होते, आणि लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडत असे. लातुरांतील सुमारें दहा हजार मुसलमानांपैकीं जेमतेम तीन हजार शहरांत उरले होते. हजारावर मारले गेले, बाकीचे पळाले, असें त्यांनीं लिहून ठेवलें. सैन्यांतील व स्थानिक पोलिसांतील कांहीं जणांनीं लुटींत व इतर गुन्ह्यांत भाग घेतल्याचा निर्विवाद पुरावा मिळाला, हेंहि त्यांनीं नमूद केलें. खात्याच्या अंतर्गत तपासणींत असें वाक्य कोणी लिहिलें असतें, असें मानणें कठीण आहे.

परंतु हें सद्भावना मंडळ होतें, कायद्यानें नेमलेला आयोग नव्हे. साक्षीदारास समन्स काढण्याचा वा कोणास जाब विचारण्याचा अधिकार त्याला नव्हता. शिवाय अहवाल सरकारनें प्रसिद्ध केला नाहीं. दिल्लींतील नेहरू स्मारक ग्रंथालयांत तो वाचावयास मिळतो, ही वार्ता सर्वत्र झाली ती २०१३ सालीं. घटनेच्या वेळीं पंचविशींत असलेला लातूरकर तोंवर नव्वदीला टेकला होता.

अधिकार नसणें आणि अहवाल दडून राहणें, या दोन उणिवांपैकीं पहिली दूर करण्याचा यत्न फार उशिरां झाला. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानें २२ सप्टेंबर २००६ रोजीं निकाल दिला. प्रत्येक राज्यांत व प्रत्येक जिल्ह्यांत पोलीस तक्रार प्राधिकरण असावें, त्याचा अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश असावा, आणि कोठडींतील मृत्यु, जबर दुखापत व बलात्कार अशा तक्रारी त्यानें चौकशीस घ्याव्या, असें त्यांत सांगितलें. महाराष्ट्रानें २०१४ सालीं पोलीस कायद्यांत दुरुस्ति केली. पण जिल्ह्याऐवजीं महसुली विभाग धरला. मराठवाड्याचे आठ जिल्हे एका विभागांत येतात. निलंग्याच्या मजुरास घराजवळ मिळावयाची दाद अशानें दूर गेली. एक दिवस बुडवून, एस. टी. चें भाडें भरून जो जाईल त्याचीच तक्रार खरी, असें थोडेंच आहे?

तक्रार करणाऱ्यानें एक गोष्ट मात्र लक्षांत ठेवावी. २ डिसेंबर २०२० च्या निकालाप्रमाणें प्रत्येक ठाण्यांत कॅमेरे हवेत, व त्यांचें चित्रण १८ महिने जपून ठेवावयाचें आहे. यंत्रांची तशी सोयच नसेल तर निदान एक वर्ष. तेव्हां अर्ज लेखी द्यावा, घटनेचा दिवस व वेळ त्यांत लिहावी, चित्रण राखून ठेवण्याची मागणी पहिल्याच अर्जांत करावी, आणि पोंच घेतल्यावांचून कचेरींतून उठूं नये.