मांजरेच्या दगडांवरची काचेची घरं

भालकी तालुक्यातल्या आमच्या गावाजवळून मांजरा वाहते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की दगडांवर तपकिरी, बुळबुळीत थर दिसतो. "जपून गं, पाय घसरल," असं आज्जी म्हणायची. मीही त्याला घाणच समजायचे. मग प्रॅक्टिकलला त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि बघतच राहिले. होड्या, सुया आणि त्यांच्यावर बिदरी कामातल्या चांदीच्या तारेसारख्या बारीक रेषा! हे डायटम, म्हणजे काचेच्या भिंतीचं एकपेशीय शेवाळ.

ही काच येते कुठून? खडक झिजताना त्यातली सिलिका सिलिसिक आम्ल होऊन पाण्यात विरघळते. ज्वारीचं पान हाताला कापतं, त्यामागेही सिलिकाच असते. डायटमच्या पेशीपटलातली खास प्रथिनं हे आम्ल आत ओढून घेतात. आत एक चपटी पिशवी तयार होते. तिच्यात सिलॅफिन नावाची प्रथिनं आणि पॉलिअमाइन रेणू सिलिका घट्ट करून तिला आकार देतात. आपल्या काच कारखान्यात भट्टी हजार अंशांच्या वर तापवावी लागते. इथं तेच काम नदीच्या गार पाण्यात होतं. भिंत पुरी झाली की ती पेशीबाहेर येते.

हे घर डब्यासारखं असतं, एक झाकण आणि एक तळ. पेशी दुभंगली की दोघींच्या वाट्याला एकेक भाग येतो. तोच झाकण होतो आणि आतला लहान भाग नव्यानं बांधावा लागतो. म्हणून पिढ्यांगणिक बऱ्याच पेशी बारीक होत जातात. फारच बारीक झाल्या की लैंगिक प्रजननातून पुन्हा मोठी पेशी जन्मते. पाण्यातली सिलिका संपली, तर मात्र बांधकामच थांबतं.

पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे 20 टक्के वाटा डायटमचा आहे. कोल्हापूर परिसरातल्या डायटमवर एच. पी. गांधी यांनी 1956 साली शोधनिबंध लिहिला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजही हा अभ्यास चालतो. पाणी बदललं की डायटमच्या जाती बदलतात, म्हणून पाण्याची तब्येत त्यांच्यावरून ओळखता येते.

गावचा नाला नदीला मिळतो, त्याच्या वरचा आणि खालचा थर मी तपासला. आकार वेगळे दिसले. दोन थेंबांवरून काही सिद्ध होत नाही, हे खरं. पण पुढच्या सुट्टीत मी बाटल्या घेऊन जाणार आहे. कोण येतंय बरोबर?