न उघडणारी चित्रफीत

मोबाइलवर टिपलेली समारंभाची चित्रफीत संगणकावरील छायाचित्र-व्यवस्थापन प्रणालीत उघडली नाही, की ती बिघडली असे समजून पुसली जाते. पुष्कळदा ती निर्दोष असते. नावाअखेरचे ‘एमपी४’ वा ‘एमओव्ही’ हा केवळ लिफाफा. आतील दृश्ये कोणत्या पद्धतीने संक्षेपित केली आहेत, हे त्यावरून कळत नाही. म्हणूनच फाइलचे नाव बदलण्याचा लोकप्रिय उपाय व्यर्थ होय. २०१७ मध्ये आयफोनने ‘एचईव्हीसी’ पद्धत स्वीकारली. आधीच्या ‘एच.२६४’पेक्षा तिला जागा बरीच कमी लागते. मात्र जुन्या प्रणालींना ती वाचता येत नाही. अशी फाइल ‘व्हीएलसी’ या विनामूल्य प्रणालीत लावून पाहावी. तेथे चालली, तर ‘हँडब्रेक’च्या साहाय्याने तिची एच.२६४ प्रत करून घ्यावी. मूळ फाइल मात्र जपून ठेवावी.

तेथेही चालत नसेल, तर फोनमधील व संगणकावरील फाइलचा आकार ताडून पाहावा. नक्कल अर्धवट राहिली असल्यास ती पुन्हा करणे पुरेसे असते. चित्रीकरण चालू असतानाच बॅटरी संपली असेल, तर प्रकरण अवघड. दृश्यांची अनुक्रमणिका सामान्यतः अखेरीस लिहिली जाते. ती राहून गेल्यास दृश्ये असूनही सापडत नाहीत. ‘अनट्रंक’सारखी साधने ती नव्याने रचण्याचा प्रयत्न करतात, त्यासाठी त्याच फोनवरील एक सुस्थितीतील चित्रफीत नमुन्यादाखल द्यावी लागते.