काशीतले व्याख्यान आणि मलेशियातली आई

घरातले कोणी कायद्यात पीएचडी करते आहे म्हटले की वडीलधारी विचारतात, "मग वकिली कधी सुरू करणार?" त्यातून विषय आशियाई देशांचा तुलनात्मक कायदा असला, तर विचारायलाच नको. चार देशांचे कायदे शेजारी ठेवून मिळवायचे काय?

त्यासाठी १९६५ च्या फेब्रुवारीत काशीला जायला हवे. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेतले डीट्रिश कॉनराड यांनी बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यान दिले. घटनादुरुस्ती करून संसदेने कलम २१ मधले जीविताचे संरक्षणच काढून टाकले तर चालेल का, असा त्यांचा प्रश्न होता. जर्मन माणसाला हा प्रश्न पुस्तकी नव्हता. त्यांची वायमार राज्यघटना हिटलरच्या काळात रद्द न होताच पोकळ झाली होती. म्हणून १९४९ च्या नव्या घटनेत काही तत्त्वे कोणत्याही दुरुस्तीने बदलता येणार नाहीत, असे लिहून ठेवले गेले. आपल्या घटनेत तसे एकही वाक्य नाही.

ज्येष्ठ वकील एम. के. नंबियार यांनी हा विचार गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला. १९६७ च्या त्या निकालात हा मुद्दा अनिर्णित राहिला. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात मात्र ७ विरुद्ध ६ अशा मतांनी ठरले, की घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येणार नाही. फरक एका मताचा! न्या. खन्ना यांच्या निकालपत्रात कॉनराड यांचा दाखला आहे.

संशोधकाचे खरे काम इथून पुढे सुरू होते. बांगलादेशाने १९८९ मध्ये हे तत्त्व मान्य केले, त्याच वर्षी सिंगापूरच्या उच्च न्यायालयाने ते नाकारले. मलेशियाने १९८० मध्ये नको म्हटले, २०१७ मध्ये होकार दिला. तिन्ही देशांत वारसा ब्रिटिश कायद्याचाच, मग निकाल निराळे का? नुसती कलमे वाचून हे उमगत नाही. तिथले राजकारण, न्यायमूर्तींच्या नेमणुका, धर्म, भाषा, सगळे धुंडाळावे लागते. वर्षे जातात ती यातच.

२०१८ मध्ये मलेशियात एका हिंदू आईचा खटला निकाली निघाला. घटस्फोटित पतीने तिला न विचारता मुलांचे धर्मांतर केले होते. दिवाणी न्यायालयाचे अधिकार हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, ते काढून घेता येत नाहीत, असे तिथल्या सर्वोच्च पीठाने म्हटले आणि ते धर्मांतर रद्द ठरवले.